वेळासची राखण

मंडणगड तालुक्यातलं वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. आता ते कासवांचंही झालं आहे. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ची मंडळी समुद्र गरुडांच्या शोधात किनाऱ्यावर फिरत होती, तेव्हा त्यांना कासवांच्या अंड्यांची टरफलं दिसली. अंडी सर्रास पळवली जात. संस्थेने गावकऱ्यांनाच राखणदार केलं, हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. मादी रात्री वाळूत शंभरेक अंडी घालून निघून जाते. गावातले हे राखणदार, म्हणजे कासवमित्र, ती भरतीच्या पाण्यापासून दूर, कुंपणात पुरतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. वाळू जास्त तापली तर बहुतेक माद्याच! होळीच्या सुमारास बघायला जरूर जा, फक्त विजेऱ्या खिशात ठेवा. उजेडाने पिल्लं समुद्राची वाट चुकतात.