जेवण आपल्याच बायांच्या हातचे असावे



गोसीखुर्दला पाहुणा आला की धरण पाहतो, ३३ दरवाजे मोजतो आणि मग विचारतो, "इथं चांगलं खायला कुठं मिळेल?" आपण त्याला पाटी लावलेले एखादे हॉटेल दाखवून मोकळे होतो. माझ्या मते इथेच आपले चुकते. आपल्या भागातले खरे खाणे बिनपाटीच्या जागी मिळते.

सकाळी पवनीच्या बसस्टँडकडे गेले की आलुबोंड्यावर चण्याची झणझणीत तर्री, वरून कांदा आणि सांबार. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला हे सांगावे लागते, की आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर! बाजाराच्या दिवशी कढईतली गरम भजी. थंडी पडली की सांबारवडी आणि उकडलेले शिंगाडे. दिवाळीनंतर मंडई भरते, तिथे तर रात्रभर नाटक आणि रात्रभर चूल. पण सर्वांत वरचे पान वैनगंगेच्या झिंग्यांचे, नाही तर मरळीच्या रश्श्याचे. सोबत चिन्नोरचा भात असला की माणूस बोलत नाही, नुसता जेवतो.

हे रांधणाऱ्या बहुतेक आपल्या ढिवर समाजाच्या नाही तर शेतमजुरांच्या घरच्या बाया. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते धरणाचे भूमिपूजन झाले, २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. गावे उठली. मोबदल्याच्या कागदावर घर येते, शेत येते. पण नदीकाठी चूल मांडून बसणारीची जागा कोणाच्या सातबाऱ्यावर असते? नव्या गावठाणात रस्ता आहे, प्लॉट आहे, पण चार माणसे टेकतील अशी ती जागा सहजी उभी राहत नाही.

काही सभासद म्हणतील, "अहो, तिथं स्वच्छता कुठं असते?" रास्त आहे. मग पिण्याच्या पाण्याचा नळ आणि डोक्यावर पत्रा द्या, पुढचे त्या पाहून घेतील. आणि स्वच्छतेचे बोलायचेच तर नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे आपल्या जलाशयात येते, त्याबद्दलही तितक्याच जोराने बोला. मासा त्याच पाण्यातला आहे.

आपला कारखाना हे सर्व बदलू शकत नाही. एक गोष्ट मात्र आपल्या हातची आहे. वार्षिक सभेचे जेवण दरवर्षी बाहेरच्या केटररला न देता गावातल्या महिला बचत गटांना द्यावे, आणि गाळपाच्या दिवसांत फाटकाजवळ त्यांना दोन पक्के गाळे द्यावेत. गाडीवान, ट्रॅक्टरवाले, तोडणी मजूर यांनाही गरम घास मिळेल आणि पैसा गावातच फिरेल.

सहकार फक्त उसापुरता नसतो. येत्या सभेत हा ठराव कोणीतरी मांडावा. अनुमोदनाला मी उभा आहे.

— एक सभासद