ठक आपला, ठग कोणाचा?

भरवेलीच्या बाजारात भाजीवाल्याने मापात मारले की आपण म्हणतो, 'आज मला ठगलं!' 'ठकवलं' हा घरचा शब्द आजीबरोबर गेला. हिंदीशी माझे भांडण नाही. दोन्ही शब्द संस्कृत 'स्थग्' धातूचेच, अर्थ झाकणे. हिंदीतले 'ठगना' म्हणजेही फसवणेच. भांडण आहे ते साहेबाने घडवलेल्या ठगाशी.

हा ठग आपल्या शेजारचाच. स्लीमन १८२२ साली नरसिंहपूरला अधिकारी होता. पुढे जबलपूरला त्याने ठगांचा बंदोबस्त आरंभला. वाटसरूंचे गळे आवळले गेले, विहिरींतून प्रेते निघाली, हे कोण नाकारतो? खुन्याला फाशी हवीच. पण १८३६ चा कायदा पाहा. अमका खून केला हे सिद्ध करण्याची गरज नाही. माणूस कधीकाळी ठगांच्या टोळीत होता, एवढे ठरले की जन्मठेप! आणि ठग म्हणजे कोण, हे त्या कायद्यात सांगितलेलेच नाही. ते सांगणार माफीचा साक्षीदार, स्वतःचा गळा वाचवायला निघालेला. त्याच वर्षी स्लीमनने ठगांच्या बोलीचा कोशही छापला. फौजदारानेच कोशकार व्हावे, याहून शब्दाची विटंबना ती काय!

एकदा धंद्याला जात चिकटली की पुढचे सोपे असते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पाळण्यातले पोरही गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये गेला, डाग गेला नाही. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ला १९८८ साली अकादमीचे पारितोषिक मिळाले, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. पण गावाबाहेर पारध्यांची पालं पडली की आपल्याच ओसरीवरून कुजबुज सुरू होते, 'ठग आले, दारं लावा.' भाजीवाल्याला ठग म्हणताना आपण हसतो. पालातल्या माणसाला तेच म्हणतो तेव्हा पोलीस येतात.

दंडसंहितेच्या ३१० व्या कलमात ठगाची व्याख्या होती. १ जुलै २०२४ ला नवी न्यायसंहिता लागू झाली, तीत हे कलम नाही. दिल्लीला जे जमले ते आपल्या ओसरीला का जमू नये? मापात मारणाऱ्याला 'ठक' म्हणा, खुशाल तोंडावर म्हणा. पालातल्या माणसाला मात्र आधी त्याचे नाव विचारा.