टेरियर नसलेला टेरियर

दोस्तांनो, टेरियर म्हणजे कोणता कुत्रा, ठाऊक आहे? लॅटिनमध्ये 'टेरा' म्हणजे जमीन. उंदीर, कोल्ह्यांच्या मागे लागून जमीन उकरणारा, बिळात घुसणारा तो टेरियर. आणि तिबेटी टेरियर? त्याचा या उद्योगाशी काही संबंधच नाही! तो टेरियर कुळातला नव्हेच. मग हे नाव त्याला चिकटलं कसं?

तर ऐका. तिबेटातल्या मठांत नि तंबूंत हे झिपरे कुत्रे शेकडो वर्षं माणसांच्या सोबतीला राहत आले. बाहेरची राखण दांडग्या मॅस्टिफकडे. याचं काम सोबतीचं, आणि कोणी परका आला की भुंकून वर्दी द्यायचं. हा घरात भाग्य आणतो, अशी तिथल्या लोकांची समजूत. आता भाग्य कोणी विकतं का? म्हणून हा कुत्रा विकायचा नाही, कोणाचे उपकार झाले तर भेट द्यायचा.

अशीच एक भेट १९२२ साली अ‍ॅग्नेस ग्रेग या इंग्रज डॉक्टरीणबाईंना मिळाली. त्या तेव्हा भारतात काम करत. त्यांनी एका तिबेटी बाईवर शस्त्रक्रिया केली, बाई बरी झाली आणि ग्रेगबाईंच्या हातात पिल्लू आलं! सोनेरी-पांढरं. नाव बंटी. (आपल्याकडे बंटी म्हटलं की एखादा मुलगा डोळ्यांपुढे येतो, पण ही मादी होती बरं का.) पुढे तिला जोडीदार मिळाला, पिल्लं झाली. पण ही जात कोणती, हे जाणकारांनाही सांगता येईना. कागदावर काहीतरी लिहायला तर हवं! १९३० साली भारतातल्या केनेल क्लबने नोंद केली, 'तिबेटी टेरियर'. आकार मध्यम टेरियरएवढा, एवढंच काय ते साम्य.

मला विचाराल तर त्याची खरी ओळख पायांत आहे. पंजे मोठे, गोल, अगदी चपटे आणि बोटांमध्ये केस. आपण चिखलावर फळी टाकून चालतो ना? तसंच. वजन पसरतं, पाय बर्फात रुतत नाही. अंगावर आत लोकर, वर लांब केस. डोळ्यांवर झुलपं येतात, पण लांब पापण्या ती अडवून धरतात.

घरच्यांवर याचा भारी जीव, परक्यांशी मात्र जरा अंतर राखून. पाळायचा हट्ट धरणाऱ्यांनी आपला मे महिना आठवावा. शिवाय केस सारखे विंचरावे लागतात, नाहीतर गुंता ठरलेला. तिबेटात उन्हाळ्यात मेंढ्यांबरोबर याचेही केस कातरत आणि याकच्या केसांत मिसळून त्याचं कापड विणत, असं सांगतात.