एक्स-रे चांगला, पण पाऊल टेकत नाही

घोट्याचं हाड मोडलं, प्लेट-स्क्रू बसले, टाके निघाले. तीन महिन्यांनी डॉक्टर एक्स-रे बघून म्हणतात, ‘हाड छान जुळलंय.’ रुग्ण मात्र त्याच खोलीतून भिंतीचा आधार घेत, लंगडत बाहेर पडतो. घरी सगळे समजूत घालतात, ‘ऑपरेशन झालंय, दुखणारच.’ एवढ्यावर कुणीही गप्प बसू नये.

हाड साधारण ६ ते १२ आठवड्यांत जुळतं. संध्याकाळी येणारी सूज मात्र सहा महिने, कधी वर्षभरही रेंगाळते. तिथपर्यंत ठीक. पण शस्त्रक्रियेनंतर तीन महिने उलटूनही न थांबणाऱ्या वेदनेला जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत स्वतंत्र स्थान आहे. तिला रुग्णाचा नाजूकपणा म्हणणं अन्यायाचं आहे.

कारणं अनेक असतात, आणि सगळी एक्स-रेत दिसत नाहीत. घोट्यावर मांस जवळजवळ नसतंच. कातडीखाली लगेच हाड. त्यामुळे मांडी घालून बसलं की बाहेरच्या बाजूची प्लेट फरशीवर टोचते, बुटाची कडही सलते. टाक्यांच्या रेषेवर नुसतं बोट फिरवलं तरी झिणझिण्या येत असतील, तर एखादी नस दुखावलेली किंवा अडकलेली असू शकते. पडतानाच सांध्यातल्या कूर्चेला मार लागलेला असेल, तर हाड जुळूनही सांधा कुरकुरतो.

आणि ताठरपणा. दुखरं पाऊल भिंतीपासून चार बोटं लांब ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावून बघावा. चांगल्या पायाचा गुडघा सहज टेकतो. दुखऱ्या पायाची टाच आधीच वर येते. उकिडवं बसणं, भारतीय पद्धतीचा संडास, जिना उतरणं, एसटीच्या उंच पायरीवरून खाली येणं, सगळं नेमकं इथे अडतं.

बरं व्हायला किती वेळ लागतो, यासाठी क्रिकेटपटू मोहम्मद शमीचं उदाहरण बघा. २०२३च्या विश्वचषकात सर्वाधिक २४ बळी घेणाऱ्या या गोलंदाजाच्या टाचेवर फेब्रुवारी २०२४मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. रणजी सामन्यातून तो परतला नोव्हेंबरमध्ये, आणि टाच बरी झाल्यावर डाव्या गुडघ्याला सूज आली. दिमतीला तज्ज्ञांची फौज असलेल्या खेळाडूला एवढा वेळ लागतो. मग दिवसभर उभं राहून शिकवणाऱ्या बाईंनी दोन महिन्यांत धावपळ सुरू करावी, ही अपेक्षा कशाच्या जोरावर?

खरी उणीव शस्त्रक्रियेनंतरच्या मार्गदर्शनात आहे. शस्त्रक्रियेवर लाखभर खर्च होतो, आणि डिस्चार्ज कार्डावर व्यायामाबद्दल लिहिलेलं असतं एवढंच: ‘पाय हलवत राहा.’ कोणता व्यायाम, किती वेळा, वजन कधी टाकायचं, हे लेखी मिळायला हवं. फिजिओथेरपी हा उपचाराचाच भाग आहे. विमा कंपन्यांनीही तिचा खर्च तसाच धरावा. तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट नसेल, तर निदान चार व्यायाम घरच्या माणसाला करून दाखवूनच रुग्णाला सोडावं.

पुढच्या तपासणीला जाताना ‘दुखतं’ एवढंच सांगू नका. एका बोटाने जागा दाखवा, कधी दुखतं आणि काय जमत नाही ते कागदावर लिहून न्या. पाय लाल-निळा पडला, चादरीचा स्पर्शही सोसेना, जखमेतून पाणी आलं, ताप भरला किंवा पोटरी अचानक सुजली, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.