कान सर्वांचे सारखे नसतात

कोणाचे कान सुपासारखे, कोणाचे डोक्याला चिकटलेले. कोणाची पाळी सुटी, कोणाची जोडलेली. हे व्यंग नव्हे. कानाची नळीही कोणाची अरुंद, कोणाची वाकडी असते. म्हणूनच भोसरी-चाकणच्या प्रेस शॉपमध्ये एकाच मापाचे इअरप्लग वाटून भागत नाही. प्लग टोचला की कामगार तो खिशात घालतो आणि बोल मात्र त्याच्या बेफिकिरीला लागतो. ८५ डेसिबलहून मोठ्या आवाजात रोज आठ तास, अशी वर्षे काढली की बहिरेपण येते. ते बरे होत नाही. तेव्हा व्यवस्थापनाने दोन-तीन मापे ठेवावीत, कोणतेच न बसल्यास इअरमफ द्यावा. कामगार बंधूंनीही कान वर व मागे ओढून प्लग बसवावा. दुखल्यास तो मुकाट्याने काढू नये. दुसरे माप मागावे. तो त्यांचा हक्कच आहे.