मार्ग, मकान आणि आपले मौन

९ जुलै २०२५ रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास महीसागर नदीवरच्या गंभीरा पुलाचा एक गाळा खाली कोसळला. पादरा तालुक्यातले मुजपूर आणि आणंद जिल्ह्यातले गंभीरा यांना जोडणारा हा पूल. ट्रक, पिकअप, दुचाकी, जे कोणी त्या क्षणी त्या गाळ्यावर होते ते सगळे नदीत गेले. वीसहून अधिक माणसे मेली. एक टँकर तुटलेल्या कडेला अर्धा लोंबकळत राहिला आणि पुढचे जवळजवळ चार आठवडे तसाच लोंबकळत होता. बडोद्याहून पादऱ्याकडे जाणारा प्रत्येक जण त्या दिवसांत त्या टँकरविषयी बोलत असे. पुलाविषयी मात्र आठ दिवसांतच बोलणे थांबले होते.

दुसऱ्याच दिवशी मार्ग-मकान विभागाचे चार अभियंते निलंबित झाले. तज्ज्ञांची समिती नेमली गेली, राज्यातल्या इतर पुलांची तपासणी करण्याचे हुकूम सुटले, मृतांच्या वारसांना मदत जाहीर झाली. हा सगळा क्रम आता आपल्याला तोंडपाठ झाला आहे. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी मोरबीचा झुलता पूल पडून १३५ जण गेले तेव्हाही हाच क्रम होता. १८ जानेवारी २०२४ रोजी आपल्याच हरणी तलावात नाव उलटून १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या तेव्हाही हाच होता. क्रम चुकत नाही. चुकते ते त्याच्या आधीचे.

मागच्या महिन्यात आपल्या मंडळाच्या बैठकीत हा विषय निघाला. एक ज्येष्ठ सभासद हळहळून म्हणाले, “महाराजांच्या काळी असं झालं नसतं हो.” सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा आला, आणि विषय कोजागिरीच्या वर्गणीकडे वळला. वाचकहो, हा लेख त्या मान डोलावण्याविरुद्ध आहे. मार्ग-मकान विभागाविरुद्ध तो आहेच, पण त्याआधी आपल्याविरुद्ध आहे.

आधी विभागाचे बोलू.

सरकारच्या प्राथमिक अहवालात या पुलाच्या पेडेस्टलचा आणि आर्टिक्युलेशनच्या सांध्याचा चुराडा झाल्याचे सांगण्यात आले. हे शब्द वर्तमानपत्रांतून येऊन गेले, पण त्यांचा अर्थ फारसा कोणी सांगितला नाही. पुलाचा गाळा खांबावर थेट बसत नाही. खांबाच्या माथ्यावर काँक्रीटचा एक छोटा चौथरा असतो, ते पेडेस्टल. त्यावर बेअरिंग बसते आणि बेअरिंगवर गाळा. उन्हाने गाळा लांबतो, थंडीने आखडतो, आणि बेअरिंग त्याला तेवढी हालचाल करू देते. काही पुलांत खांबावरून पुढे आलेल्या हातांवर मधला तुकडा टेकवलेला असतो. तो जिथे टेकतो तो सांधा म्हणजे आर्टिक्युलेशन. पुलाचा सगळ्यांत नाजूक भाग हाच, आणि वरून जाणाऱ्याला सगळ्यांत कमी दिसणारा भागही हाच.

आता हा भाग बिघडतो कसा? वरच्या रस्त्यावर दोन गाळ्यांमधली फट झाकणारा एक्स्पान्शन जॉइंट असतो. त्याचे रबर फाटते, फटीत माती भरते, पावसाचे पाणी झिरपून थेट बेअरिंगवर आणि सांध्यावर पडू लागते. आतले लोखंड गंजते. गंजलेले लोखंड फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. बेअरिंग घट्ट बसते, हलेनासे होते, आणि जो जोर त्याने सोसायचा तो चौथऱ्यावर येतो. एक पावसाळा, दुसरा पावसाळा, दहावा पावसाळा. वरून जाणाऱ्या एस.टी.तल्या माणसाला फक्त एक धक्का जाणवतो आणि तो म्हणतो, रस्ता खराब झालाय.

मग रस्ता खराब झाला म्हणून विभाग काय करतो? डांबराचा नवा थर टाकतो. जुना थर खरवडून न काढता टाकलेला प्रत्येक थर हा पुलाच्या डोक्यावर चढवलेला कायमचा बोजा असतो, आणि पुष्कळदा तोच थर एक्स्पान्शन जॉइंटही बुजवून टाकतो. वरून रस्ता काळाभोर, गुळगुळीत. मंत्र्यांची गाडी छान जाते. देखभाल झाली असे कागदावर लिहिताही येते. घरात ओल आलेल्या भिंतीला दिवाळीत चुना फासावा तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच की त्या भिंतीखालून कोणी रोज ट्रक नेत नाही.

पुलाची तपासणी कशी करावी याचे लिखित नियम नाहीत असे कोणी समजू नये. इंडियन रोड्स काँग्रेसचे एसपी ३५ हे मार्गदर्शक पुस्तक नेमके याच कामासाठी आहे. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पूल पाहण्याची प्रथा विभागात जुनी आहे. पण पाहायचे कुठून? कठड्यावरून वाकून बेअरिंग दिसत नाही. त्यासाठी लांब लोखंडी हात असलेली गाडी लागते. ती पुलावर उभी राहते आणि माणसाला पिंजऱ्यातून कठड्याबाहेर, पुलाच्या पोटाखाली उतरवते. अशी गाडी जिथे मागवूनही वेळेवर येत नाही, तिथे उपअभियंता नदीकाठी उभा राहून वर बघतो आणि नोंदवहीत ‘सर्वसाधारण स्थिती समाधानकारक’ असे लिहितो. यात तो खोटे लिहीत नसतो. त्याला दिसते तेवढेच तो लिहितो.

गाड्यांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गंमत. १ एप्रिल २०२३ पासून केंद्राचा नियम असा आहे की पंधरा वर्षे झालेल्या सरकारी गाडीची नोंदणी पुन्हा होत नाही, तिने भंगारात जायचे. साहेबाच्या जीपला वय आहे. जीप ज्या पुलावरून जाते त्याला मात्र असे वय कोणी ठरवून दिलेले नाही. गंभीरा पूल १९८०च्या दशकाच्या मध्यात वाहतुकीला खुला झाला, म्हणजे पडला तेव्हा चाळिशीचा होता. चाळीस हे पुलाचे वय म्हणजे म्हातारपण नव्हे. नीट राखलेले पूल शंभरी पाहतात. म्हणूनच हा पूल वयाने पडला असे कोणी सांगू लागले तर ते ऐकून घेऊ नका.

विभागाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. पूल बांधला तेव्हा त्यावरून इतकी आणि एवढी अवजड वाहने जातील असे कोणी धरले नव्हते. दक्षिण गुजरातेतून सौराष्ट्राकडे जाणाऱ्या ट्रकवाल्यांना हा जवळचा रस्ता. ते त्यावरून जाणारच. आणि निलंबित झालेल्या अभियंत्यांच्या हातात नेमके किती होते हेही विचारायला हवे. अभियंता अहवाल देऊ शकतो, अंदाजपत्रक पाठवू शकतो. अवजड वाहतूक बंद करायची तर जिल्हाधिकाऱ्यांचे जाहीरनामे लागतात. नवा पूल हवा तर गांधीनगरची मंजुरी लागते. त्या भागातल्या जिल्हा पंचायत सदस्याने २०२२ सालीच पूल धोकादायक असल्याचे लेखी कळवले होते, ही गोष्ट अपघातानंतर सर्वांसमोर आली. नवा पूल मंजूर झाल्याचेही सरकारकडून सांगण्यात आले. म्हणजे धोका कोणालाच माहीत नव्हता असे नाही. ज्याला माहीत होता त्याच्याकडे अधिकार नव्हता, आणि ज्याच्याकडे अधिकार होता त्याच्या टेबलावर तो कागद एक कागद होऊन पडला होता. चार जण निलंबित झाले ते खालच्या पायरीवरचे. कागद जिथे थांबला त्या पायरीचे नाव अजून कोणी घेतलेले नाही.

आता आपल्याकडे येतो.

महाराजांच्या काळी असे झाले नसते, हे वाक्य बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत देवघरातल्या घंटेसारखे रोज वाजते. सयाजीराव महाराजांविषयी माझ्या मनात कोणापेक्षा कमी आदर नाही. १८९२ पासून शहराला आजव्याचे पाणी मिळते ते त्यांच्यामुळे. १८९० साली त्यांनी कलाभवन काढले आणि कारागिरांच्या नि इंजिनिअरांच्या पिढ्या घडवल्या. पण महाराज मोठे होते म्हणून इमारती टिकल्या, ही समजूत भाबडी आहे. त्या टिकल्या कारण राज्याला हिशेब ठेवण्याची आणि तो छापण्याची सवय होती. बडोदे संस्थानाचे वार्षिक राज्यकारभाराचे अहवाल छापून निघत आणि त्यांत बांधकाम खात्याचाही हिशेब असे. वाचू इच्छिणाऱ्याला तो वाचता येई. त्या काळातले आपण काय जपले? फोटो जपला. हिशेब मागण्याची सवय सोडून दिली.

मकानांचीच गोष्ट घ्या. १८९६ सालचे न्यायमंदिर. २०१८ मध्ये न्यायालये नव्या संकुलात गेली आणि ती वास्तू रिकामी झाली. तिचे काय करायचे याच्या चर्चा तेव्हापासून आपण ऐकतो आहोत. मांडवीच्या चार दरवाजांच्या खांबाला तडे गेले, टेकू लावावे लागले, तेव्हा आपल्यातले किती जण तिथे जाऊन उभे राहिले? दांडिया बाजार, रावपुरा, वाडी इथल्या आपल्या घरांपासून मांडवी किती दूर आहे? चालत जाण्याइतकी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री शहरात शिरली तेव्हा आपण पहिल्या मजल्यावर बसून एकमेकांना फोन करत होतो. पाणी ओसरले, चिखल धुतला, आणि नाल्यांच्या सफाईची कागदपत्रे मागायला कोणी गेले नाही.

आपण नगरसेवकाकडे जातो ते गणपतीच्या मांडवाच्या परवानगीसाठी, मंडळाच्या हॉलच्या पत्र्यांसाठी, फार तर स्मशानाच्या रस्त्यासाठी. आमदार मराठी आहे की नाही यावर तासभर वाद घालतो. पण आमदाराने विभागाला पुलांची यादी विचारली का, हे कोणीही विचारत नाही. राजकारण म्हणजे आपल्याला माणसाचे आडनाव वाटते. पुलाला आडनाव नसते.

“ते गुजराती लोकांचे राज्य, आपण काय बोलणार?” असेही काही जण हळूच म्हणतात. अहो, दोनशे वर्षांहून अधिक काळ या मातीत घरे बांधून राहिलो, इथे कर भरतो, इथे मरतो, मग कसले आपण आणि कसले ते? गंभीराच्या पुलावरून कोणत्या भाषेचा माणूस जात होता हे पुलाने पाहिले नाही. आणि महाराष्ट्रात सगळे आलबेल आहे असेही समजू नका. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल पुरात वाहून गेला आणि एस.टी.च्या दोन गाड्या त्याबरोबर गेल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्या पुलाची तपासणी होऊन तो वाहतुकीला योग्य असल्याचा निर्वाळा दिला गेला होता. पुढे तिथे नवा पूल मात्र १६५ दिवसांत उभा राहिला. म्हणजे करायचे ठरवले तर होते, फक्त माणसे मेल्यावर ठरते. गंभीराच्या अवघ्या साडेतीन आठवडे आधी, १५ जून २०२५ रोजी, पुण्याजवळ कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल गर्दीसकट पडला. सरकार कोणत्याही भाषेचे असो, नोंदवहीतले ‘समाधानकारक’ एकच असते.

मग करायचे काय? मोर्चा काढा असे मी म्हणत नाही. आपल्या मोर्चाला किती जण येतात हे मागच्या वेळी पाहिले आहे. माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. त्यात नुसती कागदाची नक्कलच मागता येते असे नाही. कलम २ मध्ये माहितीच्या अधिकाराची जी व्याख्या आहे, तिच्यात काम प्रत्यक्ष पाहण्याचा आणि वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिला आहे. हे आपल्यातल्या निवृत्त इंजिनिअरांनाही फारसे माहीत नसते. आणि आपल्यात निवृत्त इंजिनिअर काही कमी नाहीत. कलाभवनातून शिकून याच विभागात आयुष्य काढलेले लोक संध्याकाळी कमाटी बागेत बाकावर बसलेले दिसतात. बेअरिंग म्हणजे काय, मोजमाप पुस्तिका कशी वाचायची, अंदाजपत्रकात कोणते कलम फुगवलेले असते, हे त्यांना डोळे मिटून सांगता येईल. त्यांनी दोन संध्याकाळी बाक सोडून मंडळाच्या कचेरीत यावे, एवढेच मागणे आहे.

विचारायचे प्रश्न थोडे आहेत. बडोदे जिल्ह्यात मार्ग-मकान विभागाच्या राज्य आणि पंचायत या दोन्ही शाखांकडे पूल किती, प्रत्येकाचे वय काय, शेवटची तपासणी कोणत्या तारखेला आणि कोणत्या हुद्द्याच्या माणसाने केली, पुलाच्या पोटाखाली उतरून केली की काठावरून, त्यात काय दोष नोंदवले आणि ते कधी दुरुस्त झाले. शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा: दोष कळवणारे पत्र वर कोणाकडे गेले आणि तिथून उत्तर काय आले. शहरातल्या पुलांसाठी आणि जुन्या वास्तूंसाठी हेच प्रश्न महानगरपालिकेला.

अर्ज गुजरातीत लिहिला आहे, मराठीत नको, म्हणजे ‘समजला नाही’ हे उत्तर यायला नको. त्याची प्रत मंडळाच्या कचेरीत ठेवली आहे. फी वीस रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. उत्तर न आल्यास पहिले अपील, त्याचाही मसुदा तयार आहे. निदान पंचवीस जणांनी वेगवेगळ्या तालुक्यांतल्या पुलांसाठी अर्ज करावेत. पादऱ्यासाठी मी स्वतः करतो आहे. डभोई, सावली, वाघोडिया, करजण आणि शिनोर यांसाठी नावे हवी आहेत.