एकवीस म्हणजे सगळे नव्हेत

"मिशनरी म्हणजे सीआयएचे हेर" असे ठोकून देणारे आणि "सगळा अपप्रचार" म्हणून कानांवर हात ठेवणारे, दोघांचेही मला नवल वाटते. मंडळी, कागद आहेत, ते वाचा की!

अमेरिकी सिनेटच्या चर्च समितीचा अहवाल १९७६ सालचा. (चर्च हे अध्यक्षांचे आडनाव बरं का!) सीआयएने समितीला सांगितले, की आपण २१ अमेरिकी धर्मोपदेशक व मिशनरी गुप्त कामासाठी वापरले. आकडा लहान, पाप मोठे. कारण त्या एकवीसांमुळे दूरदेशी दवाखाना चालवणाऱ्या प्रत्येक निरपराध माणसावर संशयाची सावली पडली.

साम्यवादीही सोवळे नव्हते. पोलंडच्या गुप्त पोलिसांनी १९८४ मध्ये फादर पोपियेउश्को यांचा खून केला. त्याच पोलिसांशी असलेले जुने संबंध उघड झाल्यामुळे २००७ मध्ये वॉर्साचे आर्चबिशप व्हिएल्गुस यांना पद सोडावे लागले.

म्हणून आरोप जरूर करा, पण नाव, साल आणि पुरावा द्या. गणिताचे उत्तर बरोबर आले, तरी रीत न दाखवणाऱ्याला मी कधी पूर्ण गुण दिले नाहीत.